वाळूच्या बादलीतलं पिल्लू

फेचबुरी
१९ एप्रिल, बौद्ध संवत २५३१

आदरणीय भंते ठितसीलो यांस,

जरून आणि लमुन यांचा पंचांग प्रणाम.

सात वर्षं झाली, तरी पोटच्या पोराला ‘आदरणीय’ लिहिताना पेन जरा अडतंच. तुमची आई म्हणते, “अडू द्या. पेनाला तरी माया आहे.”

काल संध्याकाळी आम्ही सुखरूप घरी पोचलो. नव्या वर्षाचं पाणी अंगावर घेत घेत आलो म्हणा. फ्रेपासून नाखोन सवनपर्यंत एकही गाव असं नव्हतं जिथे रस्त्याच्या कडेला पिंप मांडून पोरं उभी नव्हती. ट्रकची काच खाली करावी तर बादलीभर पाणी आत, वर करावी तर आपणच उकडून निघावं. शाळेत असताना आम्हाला उन्हाळ्यावर एक कविता होती. तिच्यात दुपार म्हणजे नदीकाठी झोपलेली म्हातारी होती, आणि तिचा एक पाय पाण्यात. नाखोन सवनला दोन नद्या एकत्र येतात तिथल्या पुलावर मला ती सगळी आठवली, आणि मी म्हणायलाही लागलो. आई म्हणाली, “म्हातारीला झोपू द्या, तुमच्या पुढे उसाचा ट्रक आहे.”

तुमच्याकडे येताना नव्या वर्षाची वाळूची बादली आणायलाही ती खरं तर तयार नव्हती. तिचं म्हणणं, “वर्षभर पायाला चिकटून घरी येते ती आपल्या गावच्या विहाराची वाळू. ती परत करायची तर इथल्या विहारात. नानच्या विहाराचे आपण कोण लागतो?” हे सगळं बोलून झाल्यावर बादली तिनंच भरली, आणि एवढ्या लांबून ट्रकच्या हौद्यात घालून आणली. तुमच्या अंगणातल्या वाळूच्या स्तूपावर ती रिकामी करताना तिचा चेहरा मी पाहत होतो. तिला वाटत होतं, आता देणंघेणं फिटलं, आता मागायला हरकत नाही.

म्हणून तिनं पायरीवर तुम्हाला विचारलं, “यंदा तरी पावसाळ्याआधी चीवर उतरवणार ना?” तुम्ही म्हणालात, “अजून नाही.” दर वर्षी एवढंच. तुम्ही एका पावसाळ्यापुरते, तीन महिन्यांसाठी, सगळ्यांची मुलं होतात तसे भिक्खू झालात. केसांची पहिली बट तिनंच कापली होती. भिक्खूला बाईनं, आईनंसुद्धा, शिवायचं नाही; त्या कात्रीनंतर तुमच्या कपाळाला हात लावून ताप बघणंही तिला बंद झालं. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. मला तुमचा अभिमान आहे, आणि तिलाही आहे. पण अभिमानाला हात लावून बघता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. फ्रेच्या अलीकडे घाटात रेडिएटर तापला म्हणून थांबलो. मागून कुईं कुईं ऐकू आलं. हौद्यात जाऊन बघतो तर वाळूच्या रिकाम्या बादलीत एक पिल्लू. तपकिरी, पुढचे पाय पांढरे, वीतभर.

मी म्हटलं, “हे कुठून आलं?”

“चढलं असेल,” आई म्हणाली. ती समोरच्या डोंगराकडे बघत होती.

“एवढ्या उंच बादलीत?”

“चढतात ती. तुम्हाला कुत्र्यांमधलं काय कळतं? जन्मभर कविता शिकवल्यात तुम्ही.”

पिल्लाखाली तिचा चौकटीचा पंचा चौपदरी घडी करून घातलेला होता. घडीही त्यानंच घातली असावी.

तर ते आता इथे आहे. तुम्हाला कळवलेलं बरं, म्हणून कळवलं.

आपला,
जरून


नान
२८ एप्रिल २५३१

उपासक बाबांस आणि उपासिका आईस,

सुखी असा. पत्र मिळालं.

पिल्लू विहारातलंच आहे. माघात कोणीतरी संध्याकाळी पोतं फाटकाशी ठेवून गेलं, त्यात चार होती. तीन आजूबाजूच्या घरांत गेली. तसं पाहिलं तर विहाराच्या आवारात जे सोडलं जातं ते संघाचं होतं. पण कुत्र्यांच्या बाबतीत कोणी इतकं बघत नाही. ठेवून घ्या.

आईला सांगा, ‘अजून नाही’ म्हणजे फक्त अजून नाही. त्यात दुसरा अर्थ शोधू नये, चांगलाही नाही आणि वाईटही नाही.

इथे ऊन फार आहे. नदी पायाच्या घोट्याइतकी उरली आहे. थोरले भंते डोळ्यांच्या इलाजासाठी बँकॉकला गेले आहेत, त्यामुळे सकाळचं प्रवचन मी करतो. ऐकायला पाच-सहा म्हाताऱ्या आणि कुत्री असतात. कुत्री जास्त शांत बसतात.

ठितसीलो


फेचबुरी
६ मे २५३१

आदरणीय भंते,

प्रणाम.

तुमच्या पत्रानं इथे घोटाळा झाला आहे, आणि त्यात दोष माझा आहे. तुमच्या आईचा चष्मा आता तिला पुरत नाही, म्हणून तुमची पत्रं मीच मोठ्यानं वाचतो. शाळेतली सवय, एक शब्द गाळत नाही. ‘संघाचं होतं’ हे मी नको तितकं खणखणीत वाचलं. पुढचं ‘कोणी इतकं बघत नाही’ तिनं ऐकलंच नाही. ती उठून गेली होती.

तेव्हापासून पिल्लू परसात, चिंचेखाली गोणपाटावर. घरात घ्यायचं नाही. मी नावं सुचवली. एक ढगावरून, एक चंद्रकोरीवरून, एक जुन्या कवितेतल्या राजकन्येच्या घोड्यावरून. ती म्हणाली, “दुसऱ्याच्या जिवाला आपण नाव द्यायचं नसतं.” तिची समजूत अशी, की पायाला चिकटलेली वाळूसुद्धा जिथल्या तिथे नेऊन टाकतात, आणि हिनं तर श्वास घेणारा जीव विहारातून उचलून आणला. तेही न विचारता. मी म्हटलं, “तूच म्हणालीस ना, ते आपणहून चढलं?” त्यावर तिनं जेवायला वाढलं.

आता दुसरी बाजू लिहितो. त्याला दिवसातून चार वेळा भात-मासा तीच घालते. काटे स्वतः काढते. दुपारी चिंचेखाली बसून त्याच्या पाठीवर हात ठेवते, नुसता ठेवते. भंते, उत्तरेकडची बस यायच्या वेळेला गेली सात वर्षं ती फाटकाशी काही ना काही काम काढत आली आहे. कधी फुलं तोडते, कधी कचरा गोळा करते. मी ते कधी तुम्हाला लिहिलं नाही. आता बस येते, माणसं उतरतात, निघून जाते, आणि परसात हिला पत्ताही नसतो. पिल्लू गेलं तर ती परत फाटकाशी उभी राहील. मला ते बघवणार नाही एवढंच.

म्हणून विनंती. एक ओळ लिहा : ‘पिल्लू तुम्हाला दिलं.’ बस. मी मोठ्यानं वाचीन.

आपला,
जरून


नान
१६ मे २५३१

उपासक बाबांस आणि उपासिका आईस,

सुखी असा.

ती ओळ मला लिहिता येणार नाही. संघाची वस्तू एकट्या भिक्खूला देता येत नाही, आणि मी दिलं असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. आई खोटं ओळखते. माझं तर लगेच ओळखते.

वैशाख पौर्णिमेपर्यंत थोरले भंते परततील. तेव्हा मी त्यांना विचारून रीतसर कळवतो. तोवर काळजी करण्यासारखं काही नाही. पिल्लाला हे प्रश्न पडलेले नाहीत.

त्याच्या डाव्या कानामागे गोचिडी होतात. तिथे रोज बघत जा. मीठपाणी लावू नका, ते चावतं. आणि मोठ्या आवाजात वाचन झालं की ते घाबरून मुततं, हे बाबांसाठी.

ठितसीलो


नाखोन सवन, बसस्थानकाजवळ
(पोस्टकार्ड)
२७ मे २५३१

आदरणीय भंते,

आम्ही निघालो आहोत. रीतसर पत्राची वाट बघायला ती तयार नाही. “दिवस उगवताना उचललं होतं, आता उजेडातच परत द्यायचं,” म्हणाली. पिल्लू पुढच्या सीटवर तिच्या मांडीवर आहे. सबंध रस्ता त्याला खिडकीतून शेतं दाखवत आली, भाताची पेरणी कुठे झाली, कुठे व्हायची आहे. परत द्यायच्या पिल्लाला हे सगळं कशाला सांगायचं, ते मी विचारलं नाही.

गोचिडी होत्या, डाव्याच कानामागे. तिनं मला दोनदा विचारलं, “त्यांना कसं ठाऊक?” मी म्हटलं, “भंते आहेत, त्यांना ठाऊक असतं.” ती म्हणाली, “भंतेंना निर्वाण ठाऊक असतं. गोचिडी ज्यानं काढल्या त्याला ठाऊक असतात.” त्यानंतर उत्तरादितपर्यंत बोलायचं नाही असं तिनं ठरवलेलं दिसतं.

रेडिएटरचं काही खरं नाही. पौर्णिमेच्या आत पोचू.

जरून


नान
४ जून २५३१

उपासक बाबांस,

सुखी असा. तुम्ही बुधवारी पोचला असाल. पुलाच्या पलीकडे गॅरेजवाल्यानं ट्रक नीट केला का, ते कळवा.

तुम्ही फाटकाबाहेर बॉनेट उघडून उभे होतात, तेव्हा सभामंडपात काय झालं ते तुम्हाला दिसलं नाही. आईनं सांगितलं असेल की नाही, ठाऊक नाही. म्हणून लिहितो.

थोरले भंते डोळ्यावर पट्टी बांधून चटईवर बसले होते. आईनं पिल्लू पुढे ठेवून सगळं सांगितलं. बादली, पंचा, न विचारता नेल्याचं. काही लपवलं नाही. थोरले भंते इतके हसले की पट्टी सरकली. म्हणाले, “लमुनबाई, लोक पोत्यात घालून आणतात आणि अंधारात टाकून पळतात. परत आणून देणारी तू पहिलीच. आणि तीही एवढ्या लांबून, एवढ्या उन्हात. संघ काय म्हणेल ते मी म्हणतो : ने.”

“तुम्ही म्हणालात,” आई म्हणाली, “पण हे ज्यांच्या पायरीवर झोपायचं त्यांनी ‘ने’ म्हटलेलं नाही अजून.”

माझ्याकडे तिनं बघितलं नाही. मी मंडपाच्या कोपऱ्यात भिक्षापात्र धूत होतो.

ते खरं होतं. माघापासून ते माझ्या कुटीच्या पायरीवर झोपायचं. पोत्यातली तीन गेली, हे राहिलं, कारण मी ते दुसऱ्या कोणाला दाखवलं नाही. तुमच्या पहिल्या पत्राला उत्तर देताना मी हे लिहिलं नाही. लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं.

थोरले भंते म्हणाले, “मग त्यालाच दे, आणि त्याच्याकडून घे.”

तिच्या हातून मला थेट काही घेता येत नाही, हे तुम्ही जाणता. मी खांद्यावरचा कापडी पट्टा जमिनीवर पसरला, तिनं पिल्लू त्यावर ठेवलं आणि हात मागे घेतले. मग मी ते उचललं. ते तिच्या मांडीवरून आलेलं होतं, म्हणून पोटाशी गरम होतं. किती वेळ धरलं ते मला सांगता येत नाही. थोरल्या भंतेंनी घसा खाकरला. मी ते परत पट्ट्यावर ठेवलं. तिनं उचलून छातीशी धरलं.

पात्र धुताना उठलो होतो, माझे हात ओले होते. पिल्लाच्या पाठीवर दोन्हीकडे पाण्याचे पंजे उमटले होते. आईनं ते पुसले नाहीत. म्हणाली, “हात पुसायची सवय अजून लागलेली नाही.”

मग तिनं तिन्ही प्रणाम केले आणि पायरीपाशी गेली. दर वेळी ती तिथे थांबते आणि विचारते. मीही पायरीपर्यंत गेलो. तिनं चपला घातल्या, पिल्लाला दुसऱ्या हातावर घेतलं, “निघते” म्हणाली आणि तुमच्याकडे चालत आली.

हे पत्र तुम्ही मोठ्यानं वाचणार, आणि शाळेतल्या सवयीनं एक शब्द गाळणार नाही, हे मला ठाऊक आहे. पुढचं वाक्य वाचायचं की नाही ते तुमच्यावर सोडतो.

त्या दिवशी तिनं विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो.

दोन दिवस तसं वाटत राहिलं. मग भिक्षेला जाताना, नदीवरून वारा आला, आणि ते तसं राहिलं नाही. आता काही वाटत नाही. झालं तसं लिहिलं, दुःखानं लिहिलेलं नाही. आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास. मी इथेच आहे.

ठितसीलो


फेचबुरी
१५ जून २५३१

आदरणीय भंते,

प्रणाम.

गॅरेजवाल्यानं ट्रक नीट केला, पण पैसे घेताना माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की हा ट्रक मी पुढच्या वर्षी आणू नये. आणीन.

पिल्लू घरात आलं. नाव तिनंच ठेवलं. माझा ढग, माझी चंद्रकोर, माझा राजकन्येचा घोडा, सगळे परसात राहिले. ती त्याला ‘बादली’ म्हणते. “बादली, इकडे ये. बादली, पायपुसणं सोड.” शेजारची पुई विचारत होती, तुमच्याकडे सारखं पाणी भरणं चाललंय का. माझ्या पुस्तकांच्या कपाटातलं खालचं पुस्तक त्यानं खाल्लं, चौथीच्या कवितांचं. मुखपृष्ठ आणि प्रस्तावना गेली, कविता वाचल्या. मला त्यात काही वाईट वाटलं नाही. प्रस्तावना मलाही कधी आवडली नव्हती.

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. ती स्वयंपाकघरात ताडगुळाचे खडे फोडत होती, पिल्लू तिच्या पायाशी. मी उंबऱ्यात बसून वाचलं. पोत्याचं वाचलं, पट्टी सरकली ते वाचलं, त्यावर ती हसली. “पिल्लाच्या पाठीवर दोन्हीकडे पाण्याचे पंजे” इथे तिचा हात थांबला, मग परत खडे फोडू लागली. ‘पुढचं वाक्य वाचायचं की नाही ते तुमच्यावर सोडतो’ हेही वाचून गेलो. सवय. आणि मग थांबलो.

भंते, मी शाळेत बत्तीस वर्षं मुलांना सांगितलं, की कवितेचा शेवट वाचण्याआधी श्वास घ्यायचा. मी श्वास घेतला आणि पत्राची घडी घालू लागलो.

ती म्हणाली, “वाचा.”

“काही नाही, वर्षावासाचं आहे.”

“त्याआधीचं वाचा.”

मी वाचलं. एकदाच वाचलं. पिल्लू मुतलं नाही, त्यावरून माझा आवाज किती होता ते तुम्हाला कळेल.

ती खडे फोडत राहिली. मी आपला काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “तुला कळलं असतं तर.”

“कळलंच होतं,” ती म्हणाली. “पिल्लू धरलं ते त्याचे हात सोडत नव्हते. तोईचे हात मी ओळखते. म्हणून तर चपला घातल्या.”

तिनं तुमचं घरचं नाव घेतलं, ‘भंते’ म्हणाली नाही. तिच्या वतीनं क्षमा मागतो. पण मी तिला टोकलं नाही.

मी म्हटलं, “सात वर्षं विचारत आलीस, आणि मिळणार होतं त्या दिवशी विचारलं नाहीस?”

तिनं गुळाचा बारीक चुरा तळहातावर घेऊन पिल्लाला चाटायला दिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “न विचारता आणलेलं परत नेऊन देता आलं. त्याला विचारून आणलं असतं, आणि मग तो इथे फाटकाशी तिकडच्या वाटेकडे बघत उभा राहिला असता, तर मी कुठे नेऊन देणार होते?”

आपला,
जरून